वाढत्या अंगाची कचेरी : मुंबईतील कार्यालयीन इमारती आणि बदलाच्या खर्चाचा हिशेब

प्रस्तावना

लहान मुलाचा सदरा शिवायला टाकताना ‘वाढत्या अंगाचा शिवा’ असे शिंप्याला बजावण्याची रीत आपल्याकडे होती. शिवणीत दुमडून ठेवलेले कापड त्या दिवशी वाया गेल्यासारखे दिसे. त्याचे मोल दोन वर्षांनी, शिवण उसवून सदरा मोठा करताना कळे. कचेरीच्या इमारतीपुढेही हाच प्रश्न उभा राहतो. इमारत पन्नास-शंभर वर्षे टिकते, परंतु तिच्यातील कामाची पद्धत दर दहा-पंधरा वर्षांनी बदलते. बदलासाठी आधीच जागा राखावी तर आजचा खर्च वाढतो आणि न राखावी तर उद्याचा. या दोहोंपैकी कोणता खर्च अधिक, आणि मुख्य म्हणजे तो कोणाच्या खिशातून जातो, याचा विचार प्रस्तुत लेखात मुंबईतील तीन इमारतींच्या आधारे करावयाचा आहे. तुलनेसाठी लंडनमधील एका इमारतीचा दाखला घेतला आहे, कारण बदलाची सोय हेच घोषित ध्येय ठेवून उभारलेली तिच्याइतकी प्रसिद्ध कार्यालयीन इमारत दुसरी क्वचितच असेल.

कार्यालयीन इमारतींविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते ते बहुधा शैलीच्या अंगाने. गॉथिक कमानी, नक्षीकाम, मनोरा यांची वर्णने विपुल आढळतात. त्या कमानींमागे बसणाऱ्या कारकुनाचे मेज कोठे होते, ते कितीदा हलले आणि हलविण्यास काय पडले, हा प्रश्न मात्र इतिहासलेखनाच्या कक्षेत फारसा आलेला नाही.

फडापासून सेक्रेटरिएटपर्यंत

पेशवाईतील हुजूर दफ्तराचे चालते दफ्तर आणि एकबेरीज दफ्तर असे दोन प्रमुख विभाग होते. एवढा मोठा कारभार चालविणाऱ्या या कचेरीला स्वतःचे असे सामान जवळजवळ नव्हते. बैठक, लोड, उतरते लिहिण्याचे मेज आणि कागदांचे रुमाल एवढाच संसार. वाड्याची सदर म्हणजे लाकडी खांबांवर उभा असलेला मोकळा सोपा. त्यात आज फड बसेल, उद्या पंगत बसेल. कारकून वाढले तर बैठक लांबवायची, कमी झाले तर गुंडाळायची. अशा कचेरीत बदलाचा खर्च म्हणजे रुमाल उचलण्याची हमाली, याहून अधिक नव्हता. हे सुख कामाच्या साधेपणामुळे लाभलेले होते हे खरे, तथापि इमारत आणि तिच्यातील कामाची मांडणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तत्त्व त्यात सहज पाळले गेले होते.

इंग्रजी अमलात कागद वाढला, खाती वाढली आणि खात्यांना भिंती आल्या. सर बार्टल फ्रिअर हे १८६२ ते १८६७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांच्या कारकिर्दीत किल्ल्याची तटबंदी पाडण्यात आली आणि मोकळ्या झालेल्या जागेवर सार्वजनिक इमारतींची रांग उभी करण्याचे ठरले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचा भाव वधारला होता आणि पैसा उपलब्ध होता. या रांगेतील सेक्रेटरिएटची इमारत १८६७ मध्ये सुरू होऊन १८७४ मध्ये पूर्ण झाली. तिचा आराखडा कर्नल हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स या लष्करी अभियंत्याचा. लांबी सुमारे ४४३ फूट, मनोऱ्याची उंची १७० फूट, शैली व्हेनिशियन गॉथिक. पहिल्या मजल्यावर कौन्सिल हॉल, गव्हर्नर व कौन्सिलचे सभासद यांच्या खोल्या आणि महसूल खाते. दुसऱ्या मजल्यावर न्याय व लष्कर खाती, अशी मूळची योजना होती.

विल्किन्सच्या मनात परिवर्तनक्षमतेचा काही सिद्धान्त होता असे मानण्यास आधार नाही. त्याच्यापुढे प्रश्न हवेचा होता. त्या काळी समोर पश्चिमेला बॅक बेचा समुद्र जवळ होता; त्याचे वारे आत यावे आणि दुपारचे ऊन मात्र बाहेर राहावे, यासाठी इमारतीला कमानींचे खोल व्हरांडे दिले गेले आणि छते उंच ठेवली गेली. परंतु हवेसाठी केलेली ही तजवीज पुढे भलत्याच कामी आली. व्हरांड्यामुळे प्रत्येक दालनात बाहेरून स्वतंत्रपणे शिरता येते. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाण्याची गरज राहत नाही. त्यामुळे कोणत्या दालनात कोण बसतो हे बदलले तरी इमारतीचा बेत बिघडत नाही. उंच छतामुळे आधी हाताने ओढायचे पंखे, मग विजेचे पंखे, मग दिव्यांच्या नळ्या व तारा हे सारे डोक्याच्या कितीतरी वर सामावले.

१९५५ मध्ये सचिवालय नव्या इमारतीत गेले आणि या जुन्या इमारतीत नगर दिवाणी व सत्र न्यायालय आले. शासकीय खात्याच्या दालनात न्यायासन मांडता आले, आणि ज्या व्हरांड्यात पूर्वी पट्टेवाले बसत तेथे पक्षकार, साक्षीदार व वकील ताटकळू लागले. कचेरीचे न्यायालय होणे हा वापरातील लहान बदल नव्हे. तो झाला आणि इमारत टिकली. २०१८ मध्ये मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूहाचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला, त्यात ही इमारत आहे. तिच्याच पिढीतील रॉयल आल्फ्रेड सेलर्स होमची कथा याहून चमत्कारिक आहे. १८७६ मध्ये खलाशांच्या निवासासाठी पूर्ण झालेली ही वास्तू १९२८ पासून विधिमंडळाचे सभागृह झाली आणि पुढे, १९८१ मध्ये नवे विधान भवन झाल्यावर, राज्य पोलिसांचे मुख्यालय बनली. खलाशी, आमदार आणि पोलीस या तिघांच्या गरजा एकाच वास्तूने भागवाव्यात, ही योजना कोणा वास्तुविशारदाने आधी मांडली असती तर ती हास्यास्पद ठरली असती.

वॉटसनची लोखंडी इमारत

सेक्रेटरिएटच्या मागच्या बाजूस, काळा घोड्याजवळ, त्याच दशकात एक वेगळाच प्रयोग चालला होता. जॉन वॉटसन या कापड व्यापाऱ्याच्या इमारतीचा आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश या अभियंत्याने केला. लंडनच्या सेंट पँक्रास स्थानकाच्या प्रसिद्ध छताच्या कामातही त्याचा हातभार होता. इमारतीचे ओतीव लोखंडाचे खांब व तुळया इंग्लंडात तयार होऊन जहाजाने मुंबईस आल्या आणि येथे जोडल्या गेल्या. भार सांगाड्यावर आणि भिंती केवळ भरावाच्या, ही रचना पुढे जगभरच्या कार्यालयीन मनोऱ्यांनी स्वीकारली. तात्त्विकदृष्ट्या पाहता याहून अधिक परिवर्तनक्षम इमारत त्या काळच्या मुंबईत नव्हती. भिंत कोठेही घालावी, कोठूनही काढावी. सांगाड्यास त्याचे सोयरसुतक नाही.

१८७१ मध्ये येथे वॉटसन्स हॉटेल सुरू झाले. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे भारतात प्रथम येथेच दाखविली गेली, म्हणून चित्रपटाच्या इतिहासात या वास्तूचे नाव अजरामर आहे. विसाव्या शतकात हॉटेल बंद पडले, इमारतीचे नाव बदलले (महेंद्र मॅन्शन, नंतर एस्प्लनेड मॅन्शन) आणि खोल्यांचे तुकडे पडून लहान लहान कार्यालये व बिऱ्हाडे झाली. उच्च न्यायालय जवळ, आणि सेक्रेटरिएटच्या जागी आता सत्र न्यायालय. तेव्हा वकिलांनी येथे कार्यालये थाटावीत हे स्वाभाविकच होते. एका इमारतीतील बदलाने शेजारच्या इमारतीत बदल घडविला, असे म्हणता येईल.

सांगाड्याने हे सारे तुकडे निमूटपणे सोसले. तरीही जुलै २००५ मध्ये पश्चिमेकडील सज्जाचा भाग कोसळून एकाचा मृत्यू झाला. जागतिक पातळीवरील संकटग्रस्त वास्तूंच्या २००६ च्या यादीत तिचे नाव आले. २०१९ मध्ये म्हाडाने ती धोकादायक ठरवून रहिवासी व भाडेकरूंना बाहेर काढण्याचे आदेश दिले.

असे का व्हावे? लोखंडाला गंज चढतो, हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. मुंबईत १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाण भाडे १९४० च्या पातळीशी जखडले गेले, आणि हा कायदा निवासाप्रमाणे व्यवसायाच्या जागांनाही लागू होता. महायुद्धोत्तर टंचाईत भाडेकरूंना संरक्षण देणे आवश्यक होते, यात शंका नाही. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला की जुन्या इमारतींत बदल करण्याचा अधिकार एकाकडे, त्याचा लाभ दुसऱ्याकडे आणि दुरुस्तीची जबाबदारी तिसऱ्याच्या माथी, अशी वाटणी झाली. प्रत्येक भाडेकरू आपल्या गाळ्यात पोटमाळा किंवा पार्टिशन घालीत असे, कारण तो खर्च त्याला परवडे व लाभ त्यालाच होई. सांगाड्याला रंग देणे आणि सांध्यांत मुरणारे पाणी अडविणे हे मात्र कोणाच्याच गाळ्यात येत नव्हते. प्रस्तुत लेखकाच्या मते वॉटसनच्या इमारतीचे मोठे शल्य हेच आहे : बदल सोपा होता म्हणून तो सतत होत राहिला, आणि त्याचा हिशेब ठेवणारा कोणी नव्हता.

लंडनचा दाखला

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या प्रश्नाला शास्त्राचे रूप आले. ब्रिटिश वास्तुविशारद ॲलेक्स गॉर्डन यांनी १९७२ च्या सुमारास असा आग्रह धरला की इमारत दीर्घायुषी असावी, अंगाला सैल असावी आणि तिला ऊर्जा कमी लागावी. म्हणजे पुन्हा वाढत्या अंगाचा सदराच. फ्रँक डफी यांनी कार्यालयीन इमारतीचे थर कल्पिले : सांगाडा व कवच सुमारे पन्नास वर्षे टिकते, वीज-पाणी-वातानुकूलनाच्या यंत्रणा पंधरा वर्षांत जुन्या होतात, पार्टिशन व छतासारखी अंतर्गत रचना पाच ते सात वर्षांत बदलते, आणि मेज-खुर्च्या तर रोजच सरकतात. स्ट्युअर्ट ब्रँड यांनी १९९४ च्या आपल्या ग्रंथात हीच कल्पना सहा थरांपर्यंत विस्तारली. मंद गतीने बदलणाऱ्या थरात जलद बदलणारा थर पुरून ठेवला की संकट ओढवते, हे या मांडणीचे सार. भिंतीत गाडलेली नळी बदलण्यासाठी भिंत फोडावी लागते, हा अनुभव कोणत्याही गृहस्थास परका नाही.

लॉइड्स या विमा बाजाराने हे सूत्र जितके अक्षरशः अमलात आणले तितके क्वचितच कोणी आणले असेल. १९२८ ची त्यांची इमारत अपुरी पडली म्हणून १९५८ मध्ये दुसरी बांधली. तीही अपुरी पडली. दोनदा हात पोळल्यावर तिसऱ्या इमारतीसाठी रिचर्ड रॉजर्स यांची नेमणूक झाली, आणि १९८६ मध्ये ती वापरात आली. जिने, उद्वाहक, नळ आणि हवेच्या वाहिन्या रॉजर्स यांनी इमारतीच्या बाहेर लावल्या. प्रसाधनगृहे कारखान्यात बनवून बाहेरून टांगली. हेतू असा की आयुष्य संपलेला भाग उचलून नवा बसवावा आणि आतील सलग जागेत बाजार हवा तसा वाढावा वा आक्रसावा. जुन्या १९२८ च्या इमारतीचे प्रवेशद्वार तेवढे राखून बाकी सारी पाडण्यात आली.

पुढे जे घडले ते इतिहासाच्या विद्यार्थ्याने मुद्दाम लक्षात घेण्याजोगे आहे. २०११ मध्ये या इमारतीला तेथील सर्वोच्च, म्हणजे पहिल्या श्रेणीचे वारसा-संरक्षण मिळाले. ज्या नळ्या बदलता याव्यात म्हणून बाहेर लावल्या, त्याच नळ्या आता इमारतीचे रूप ठरल्या आणि त्यांत फेरबदल करण्यास परवानगी लागू लागली. त्या उघड्यावर असल्याने ऊनपाऊस सोसतात, म्हणून देखभालही जड जाते. बदलासाठी घडविलेले जे यंत्र होते, त्याचे स्मारक झाले. रॉजर्स यांची कल्पना चुकली असे म्हणणे घाईचे होईल. आतली सलग जागा अद्याप आपले काम करते. परंतु पुढची पिढी कोणत्या भागाला हात लावू देईल आणि कोणत्या भागाला नमस्कार करील, हे आराखड्यावरून ठरत नाही, एवढे मात्र खरे.

मंत्रालय

१९५५ चे सचिवालय (१९७५ मध्ये शंकरराव चव्हाण यांच्या कारकिर्दीत त्याचे मंत्रालय झाले) मुंबई राज्यासाठी बांधले गेले. पुढच्याच वर्षी द्वैभाषिक राज्य आले आणि १९६० मध्ये महाराष्ट्र. राज्याचा नकाशा पाच वर्षांत दोनदा बदलला; इमारत तीच राहिली. नवी खाती आली, मंत्र्यांची संख्या वाढली, प्रत्येक मंत्र्याबरोबर स्वीय सहायक, लघुलेखक, अभ्यागतांची खोली आली. योगायोग असा की १९५५ हेच गोदरेजच्या भारतीय बनावटीच्या टंकलेखन यंत्राचेही वर्ष. टंकलेखन यंत्राला वीज लागत नाही. त्याच्या जागी आलेल्या संगणकाला लागते, शिवाय जोडतारा, शिवाय थंड हवा. थंड हवेसाठी खिडकी बंद, खिडकी बंद म्हणून दिवा दिवसभर चालू, आणि तारा दिसू नयेत म्हणून त्यांवर फॉल्स सीलिंग. एकातून एक असे हे बदल निघत गेले.

यांतील एकही बदल मोठा नव्हता. प्रत्येकास टिप्पणी झाली असेल, अंदाजपत्रक झाले असेल, मंजुरी मिळाली असेल. २१ जून २०१२ रोजी दुपारी चौथ्या मजल्यावर आग लागली, ती वरच्या मजल्यांवर पसरली, पाच जणांचा मृत्यू झाला आणि असंख्य नस्त्या जळाल्या. लाकडी पार्टिशन, फॉल्स सीलिंग, वाढीव तारा आणि अडलेले मार्ग यांविषयी त्यानंतर वृत्तपत्रांतून बरीच चर्चा झाली. सत्तावन्न वर्षे हप्त्याहप्त्याने पुढे ढकललेला खर्च एका दुपारी वसूल झाला. व्हरांडा असलेल्या जुन्या सेक्रेटरिएटमध्ये अशी आग लागली असती तर माणसे अधिक सहजपणे बाहेर पडली असती, असे प्रस्तुत लेखकास वाटते. तथापि हा तर्क आहे, सिद्ध विधान नव्हे.

या ठिकाणी थोडे स्वगत. एका महाविद्यालयाचे कार्यालय पंधरा वर्षांच्या अवधीत चार वेळा ‘अद्ययावत’ होताना प्रस्तुत लेखकाने पाहिले आहे. दर खेपेस मागच्या खेपेचे प्लायवूड काढून नवे लावले गेले, आणि चौथ्या खेपेस असा शोध लागला की मूळच्या मोठ्या खिडक्या प्लायवूडच्या मागे शाबूत आहेत. हा अनुभव वाचकांपैकी अनेकांना अपरिचित नसावा.

हिशेबाचा प्रश्न

डफी यांची मुदत घेऊन एक काल्पनिक हिशेब मांडू. समजा, इमारतीस १०० रुपये लागले : सांगाड्यास ४०, यंत्रणांस ३५, अंतर्गत रचनेस २५. भाववाढ बाजूला ठेवू. पन्नास वर्षांत सांगाडा एकदाच. यंत्रणा पहिल्यासह चार वेळा, म्हणजे १४०. अंतर्गत रचना दर सात वर्षांनी, पहिल्यासह आठ वेळा, म्हणजे २००. एकूण ३८० रुपये. ज्या सांगाड्यात काटकसर करण्यासाठी निविदेच्या वेळी एवढी घासाघीस होते, त्याचा वाटा जेमतेम साडेदहा टक्के. छत दोन फुटांनी उंच केले, खांबांतील अंतर वाढविले, नळांसाठी माणूस शिरू शकेल असा वेगळा चर ठेवला, तर ४० चे ४६ होतील. परंतु पुढच्या ३४० पैकी किती वाचतील, हा खरा प्रश्न.

अर्थशास्त्राचे सहकारी येथे आक्षेप घेतील आणि तो रास्त आहे. पंचेचाळीस वर्षांनी करावयाच्या खर्चाचे आजचे मूल्य तेवढेच धरता येत नाही. दहा टक्के दराने सूट दिली तर १५ व्या वर्षीचे ३५ रुपये आज सुमारे ८ रुपये ४० पैसे भरतात आणि ४५ व्या वर्षीचे अर्ध्या रुपयाहूनही कमी. म्हणजे कागदावर भविष्य स्वस्त होते आणि सैल शिवण महाग. या पद्धतीने विल्किन्सचे व्हरांडे कोणत्याही वित्त विभागाने मंजूर केले नसते. शिवाय बदल झालाच नाही तर राखलेली जागा खरोखर वाया जाते. म्हणून परिवर्तनक्षमतेच्या नावाखाली सरकत्या भिंती व महागडी यंत्रणा घेणे शहाणपणाचे नाही. अशा भिंती बहुधा एकदाच सरकतात, बसविण्याच्या दिवशी. वरील इमारतींत उपयोगी पडले ते साधे होते : उंची, उजेड, स्वतंत्र वाट आणि थोडी अधिक जागा.

दुसरी अडचण लेखांकनाची. शासकीय इमारतींचे भांडवली बांधकाम लेखाशीर्ष ४०५९ खाली पडते, देखभाल व दुरुस्ती लेखाशीर्ष २०५९ खाली, आणि कपाटे-मेजे संबंधित विभागाच्या कार्यालयीन खर्चात. तीन वह्या, तीन मंजुऱ्या. इमारतीच्या नावाने या तिन्हींची बेरीज करणारी चौथी वही नाही. संशोधकालाही म्हणूनच एका इमारतीचा आयुष्यभराचा खर्च सलग सापडत नाही. तो तीन ठिकाणच्या नोंदींतून वेचावा लागतो.

मार्च २०२४ मध्ये नरिमन पॉइंट येथील एअर इंडियाची तेवीस मजली इमारत १,६०१ कोटी रुपयांना महाराष्ट्र शासनाकडे हस्तांतरित करण्यास केंद्राने मंजुरी दिली. १९७४ मध्ये एका विमान कंपनीसाठी, अमेरिकन वास्तुविशारद जॉन बर्गी यांच्या आराखड्यानुसार पूर्ण झालेली ही वास्तू २०१३ मध्ये कंपनीचे मुख्यालय दिल्लीस गेल्यापासून आपला मूळ उद्देश गमावून बसली होती. वापरबदलाचा हा आणखी एक प्रयोग मंत्रालयापासून हाकेच्या अंतरावर होऊ घातला आहे. १,६०१ कोटी हा आकडा सर्वांना ठाऊक आहे, कारण तो एकरकमी आहे. तेवीस मजल्यांवर शासकीय विभाग बसविण्यासाठी जी पार्टिशने उभी राहतील, ज्या तारा ओढल्या जातील आणि पंधरा वर्षांनी ज्या पुन्हा उपसल्या जातील, त्यांची नोंद वर उल्लेखिलेल्या तीन वह्यांपैकी कोणत्या वहीत होते, हे पाहण्याची संधी या निमित्ताने प्रथमच आरंभापासून उपलब्ध झाली आहे.